गाळाचा हिशेब

आमच्या बीड जिल्ह्यात बर्फ दोनच ठिकाणी दिसायचा. एक रसवंतीत, भुशात पुरून ठेवलेल्या लादीच्या रूपात, आणि दुसरा कुल्फीवाल्याच्या मडक्यात. (गारपीट झाली की तिसऱ्या ठिकाणीही दिसतो, पण तेव्हा त्याचं कौतुक करायच्या मनःस्थितीत कुणी नसतं.) समुद्र तर शाळेच्या सहलीत पाहायचा. अशा मुलखात बसून मी आज समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांबद्दल, आणि त्याहूनही पुढे जाऊन त्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलाबद्दल लिहिणार आहे. घरच्या मंडळींनी आधीच कपाळाला हात लावला आहे. तुम्हीही लावा, पण वाचा.

भूगोल शिकवताना ‘फियॉर्ड’ हा शब्द वर्षातून एकदा यायचा. हिमनदीने खोल कोरलेली, नंतर समुद्राचं पाणी शिरलेली, उभ्या कड्यांची चिंचोळी दरी म्हणजे फियॉर्ड. उदाहरणार्थ, नॉर्वेचा किनारा. दोन ओळी. मुलं पाठ करायची, परीक्षेत लिहायची, दोन गुण मिळवायची. त्या दरीत पाण्याखाली काय असतं हे अभ्यासक्रमात नव्हतं, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळलं की खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

गंमत म्हणजे या गोष्टीचं एक टोक आपल्या शेजारी, गोव्यात आहे. वास्को-द-गामा शहराच्या हेडलँड सडा भागात समुद्राकडे तोंड करून एक सरकारी संस्था उभी आहे. १९९८ साली ती सुरू झाली आणि २०१८पासून तिचं नाव ‘राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र’ असं आहे. गोव्याला जाणारे बीचवर जातात, मंगेशीला जातात. या इमारतीकडे कोण बघतो? पण भारताची अंटार्क्टिकाची आणि आर्क्टिकची कामं तिथून चालतात. २००७च्या ऑगस्टमध्ये पहिली भारतीय आर्क्टिक मोहीम गेली आणि १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ हे आपलं संशोधन केंद्र स्वालबार्ड बेटांवर, नी-ऑलेसुंड या गावी सुरू झालं.

हे गाव जवळजवळ ७९ अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे. उत्तर ध्रुव तिथून सुमारे १२०० किलोमीटर. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. पूर्वी ते कोळसा खाणीचं गाव होतं. १९६२ साली खाणीत स्फोट होऊन २१ माणसं दगावली, पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि हळूहळू गाव शास्त्रज्ञांचं झालं. २०२३च्या डिसेंबरपासून आपली माणसं त्या अखंड रात्रीतही तिथे राहून काम करू लागली आहेत. आपल्याकडे दोन तास लाईट गेली की आपण महावितरणला फोन लावतो!

गावासमोर जो फियॉर्ड आहे त्याचं नाव काँग्सफियॉर्डन, म्हणजे ‘राजाचा फियॉर्ड’. लांबी सुमारे २० किलोमीटर, रुंदी ४ ते १० किलोमीटर, आणि सगळ्यात खोल जागी जवळपास ४०० मीटर पाणी. त्याच्या आतल्या टोकाला हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. त्यांची नावंही राजघराण्याला शोभणारी: क्रोनेब्रेन म्हणजे ‘मुकुटाची हिमनदी’ आणि तिच्या शेजारची काँग्सवेगेन म्हणजे ‘राजमार्ग’. २०१४च्या जुलैमध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी याच फियॉर्डात १९२ मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ नावाची वेधशाळा दोरखंडाला बांधून सोडली. पाण्याचं तापमान, क्षार, प्रवाह असं सगळं ती पाण्यातच राहून टिपते.

आता मुद्द्यावर येतो. हा चिखल तयार कसा होतो?

ज्यांनी घरात दगडी जातं पाहिलं आहे त्यांना हे एका मिनिटात कळेल. हिमनदी म्हणजे वरची तळी. तिचं वजन प्रचंड, आणि तिच्या पोटात दगडगोटे रुतलेले. खालची तळी म्हणजे डोंगराचा खडक. हिमनदी पुढे सरकते तसा खडक घासला जातो आणि त्याचं पीठ होतं. खरोखर पीठच, चिमटीत घेतलं तर हाताला खर लागणार नाही इतकं बारीक. क्रोनेब्रेन ही स्वालबार्डमधली वेगवान हिमनदी. उन्हाळ्यात तिचं तोंड दिवसाला दोन-तीन मीटर सरकतं. म्हणजे जातं जोरात चालू. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो, ते पाणी भेगांतून खाली जातं आणि हिमनदीच्या तळातल्या बोगद्यांतून हे पीठ घेऊन समुद्रात बाहेर पडतं.

इथे एक मोठी मजेदार गोष्ट होते. आपल्या धरणात पुराचं गढूळ पाणी येतं ते जड असतं, म्हणून पुष्कळदा ते स्वच्छ पाण्याखाली शिरून तळातळाने पुढे सरकतं. तिथे उलटं. समुद्राचं पाणी खारं, म्हणून जड. हिमनदीचं पाणी गढूळ असलं तरी गोडं, म्हणून हलकं. ते तळाशी बाहेर पडतं आणि सरळ वर उसळतं. मग पृष्ठभागावर लांबच लांब गढूळ पट्टा पसरतो. क्रोनेब्रेनच्या तोंडाशी तो तांबूस असतो, कारण मागच्या डोंगरात तांबडा वालुकाश्म आहे. वर येणाऱ्या पाण्याबरोबर बारीक जीवही वर ओढले जातात आणि त्यांच्यासाठी समुद्रपक्ष्यांचे थवे हिमनदीच्या तोंडाशी गोळा होतात.

मग ते पीठ खाली बसतं कसं? इतका बारीक कण एकटा असेल तर पाण्यात किती दिवस तरंगत राहील सांगता येत नाही. पण पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी रांजणात भरून आपल्या आया त्यात तुरटी फिरवायच्या, आठवतं? तुरटीने कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. समुद्रातलं मीठ हेच काम करतं. एवढा मोठा रांजण आणि त्यात तुरटी आधीच विरघळवून ठेवलेली! त्यामुळे बराचसा गाळ हिमनदीच्या तोंडापासून फार लांब न जाता बसतो. तोंडाजवळ वर्षाला काही सेंटिमीटर, तर फियॉर्डच्या बाहेरच्या भागात जेमतेम काही मिलिमीटर.

उन्हाळ्यात गाळ भरपूर, हिवाळ्यात जवळजवळ बंद. त्यामुळे थर पडतात. मधूनच एखादा गोटा त्या मऊ चिखलात एकटाच रुतलेला सापडतो. तो तिथे कसा? हिमनदीचा कडा कोसळून हिमनग झाला, तो पोटात दगड घेऊन तरंगत निघाला, वाटेत वितळला आणि दगड सुटून खाली पडला. प्रवाहात एवढा मोठा दगड वाहून येत नाही, म्हणून असा गोटा दिसला की समजायचं, इथून हिमनग गेला होता.

शास्त्रज्ञ लांब नळी चिखलात घुसवून उभा गज काढतात आणि तो मधोमध चिरून थर वाचतात. वय काढायच्या युक्त्याही आहेत. त्यातली एक मला विशेष वाटते. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत सीझियम नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य पसरलं आणि ते सगळीकडे पावसाबरोबर, बर्फाबरोबर खाली आलं. त्याचं प्रमाण १९६३च्या सुमारास सगळ्यात जास्त होतं. त्यामुळे चिखलाच्या गजात ज्या जागी सीझियम सगळ्यात जास्त, तो थर १९६३चा. माणसाने केलेल्या पापाची नोंद ध्रुवाजवळच्या चिखलाने ठेवली, आणि आता तीच नोंद वय मोजायच्या कामी येते.

हे झालं गाळाचं. पण तळाला आकारही आहेत, आणि ते डोळ्यांनी कधीच दिसणार नाहीत. ते ऐकावे लागतात. जहाजाच्या बुडाशी बसवलेलं यंत्र शेकडो ध्वनिकिरण पंख्यासारखे खाली सोडतं आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. म्हणजे १९२ मीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला पाव सेकंदापेक्षा किंचित जास्त. (सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित घालून बघा. वेळ-अंतर-वेगाच्या त्याच त्या आगगाडीपेक्षा बरं.) असं पुढेमागे फिरून सगळ्या तळाचा नकाशा तयार होतो.

तो नकाशा पाहिला आणि मला वाटलं, अरे, हे तर शिवार आहे!

लांबच लांब समांतर तास. नांगराने ओढल्यासारखे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी बर्फ फियॉर्ड भरून बाहेर पडला होता आणि समुद्रबूड जमिनीच्या कडेपर्यंत पोहोचला होता. त्या काळी सरकत्या बर्फाने मऊ तळावर ओढलेले हे तास आजही आहेत, आणि बर्फ कुठल्या दिशेला वाहत होता ते सांगतात. मग आडवे मोठे बांध, म्हणजे हिमोढ. हिमनदी जिथवर पोहोचली तिथे तिने पुढे ढकललेल्या दगडमातीचा ढीग. बांधाच्या बाहेरच्या उतारावरून घसरून थिजलेले चिखलाचे लोट. मधूनच वेड्यावाकड्या रेघोट्या. हिमनगाचं बूड तळाला घासत गेल्याच्या खुणा. उधळलेल्या बैलाने नांगर ओढत न्यावा तशा.

आणि सगळ्यात सुंदर म्हणजे सरी-वरंबे. ऊस लावणाऱ्याला सांगायलाच नको. छोटे छोटे आडवे वरंबे, एकामागे एक. मागे हटणारी हिमनदी उन्हाळ्यात तुटून तुटून मागे जाते. हिवाळ्यात तुटणं थांबतं, तेव्हा ती किंचित पुढे सरकते आणि तोंडापुढचा चिखल ढकलून एक बारीक वरंबा करते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मागे, हिवाळ्यात पुन्हा एक वरंबा. स्वालबार्डच्या अनेक फियॉर्डांत असे वरंबे सापडले आहेत. जिथे दर हिवाळ्याचा एक वरंबा टिकला आहे, तिथे दोन वरंब्यांमधलं अंतर म्हणजे त्या वर्षी हिमनदी किती मागे हटली तो आकडा. वरंबे जवळ जवळ असतील तर ती हळू हटली, लांब लांब असतील तर झपाट्याने.

हा नकाशा बघताना मला शाळेच्या हजेरीपटाची आठवण झाली. त्यावर कुणाचं मत नसतं, तक्रार नसते. फक्त त्या दिवशी कोण होतं आणि कोण नव्हतं एवढंच.

याचं महत्त्व एवढ्यासाठी की माणसाने मोजलेलं फार थोडं आहे. नी-ऑलेसुंडजवळच्या दोन लहान हिमनद्यांवर दर वर्षी किती बर्फ साचला आणि किती गेला याचा हिशेब १९६७-६८पासून ठेवला जातो, आणि आर्क्टिकमधल्या जुन्या हिशेबांत त्याची गणना होते. म्हणजे माझ्या आयुष्याएवढाही नाही. त्याआधीचं विचारायचं तर जुने नकाशे, फोटो, आणि ते संपले की चिखल. आज हिमनद्या मागे हटताहेत हे सगळे बघताहेत. पण हा वेग नेहमीचा की वेगळा, हे ठरवायला जुना हिशेब लागतो. तो चिखलाकडेच आहे.

पण चिखल वाचणं सोपं नाही, हेही सांगितलं पाहिजे. स्वालबार्डमधल्या पुष्कळ हिमनद्यांना एक खोड आहे. वर्षानुवर्षं त्या शांत असतात, आणि मग एकदम उसळी मारून पुढे धावतात. काँग्सवेगेनने १९४८च्या सुमारास अशी उसळी घेतली होती. ही उसळी हवामान थंड झालं म्हणून येत नाही. साचलेल्या बर्फाचं ओझं आणि तळाचं पाणी यांच्या आतल्या हिशेबातून येते. उसळी संपली की पुढे आलेला बर्फ मागे हटायला लागतो. म्हणजे नुसता एक मोठा बांध बघून ‘तेव्हा फार थंडी होती’ म्हणणं चुकीचं, आणि नुसते वरंबे बघून ‘सगळं तापमानवाढीमुळे’ म्हणणंही घाईचं. दोन्ही गोष्टी वेगळ्या करून वाचाव्या लागतात. एका वर्षाच्या पावसावरून आपण दुष्काळ संपला म्हणत नाही, तसंच.

ते सगळं वेगळं केल्यावरही उरतं ते पुरेसं आहे. अटलांटिकचं कोमट पाणी फियॉर्डात शिरतं. २००६च्या सुमारापासून काँग्सफियॉर्डनमध्ये हिवाळ्यात समुद्र पूर्वीसारखा गोठत नाही. आणि एक उदाहरण तर भूगोलाच्या मास्तराला झोप लागू देणार नाही असं. या फियॉर्डात एक भूभाग आहे, ब्लोमस्ट्रांडहाल्वया. १९११च्या सुमारास अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने तिथे संगमरवराची खाण काढली होती, वस्तीचं नाव ठेवलं होतं ‘लंडन’. पण गोठलेला संगमरवर वितळला की त्याचे तुकडे पडायचे, त्यामुळे धंदा बसला. असो. तर नॉर्वेच्या भाषेत ‘हाल्वया’ म्हणजे द्वीपकल्प. नकाशा करणाऱ्यांनी मागून हिमनदीने जोडलेला भूभाग पाहिला आणि द्वीपकल्प म्हटलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिमनदी मागे हटली आणि मध्ये पाणी निघालं! आता ते बेट आहे, नाव मात्र द्वीपकल्पच. ‘तीन बाजूंनी पाणी व एका बाजूस जमीन’ ही व्याख्या मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिली असेल. चौथ्या बाजूला जमीन नसून बर्फ असला तर काय करायचं, हे त्या व्याख्येत नव्हतं.

नातीने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण आबा, तिकडच्या चिखलाचं आपल्याला काय?” रास्त प्रश्न. सरकारी उत्तर असं की आर्क्टिकमधले बदल आणि आपला मान्सून यांचा काय संबंध आहे ते शोधायचं आहे. २०२२च्या मार्चमध्ये भारताने आपलं आर्क्टिक धोरण जाहीर केलं त्यातही हे आहे. ते उत्तर बरोबरच आहे. पण मी तिला दुसरं उत्तर दिलं. मी तिला आपल्या गावच्या पाझर तलावाची गोष्ट सांगितली.

१९७२चा दुष्काळ. मी कॉलेजात होतो. सुट्टीत गावी आलो की दुष्काळी कामावर जायचो. आमच्या गावच्या पाझर तलावाचं काम चालू होतं. पुरुष कुदळ-टिकाव घेऊन खोदायचे, बाया पाट्या वाहायच्या. माझी आईही पाट्या वाहायची. खायला मिलो आणि सुकडी. खोदताना मध्ये मध्ये मातीचे खुंट तसेच सोडायचे. मुकादम खुंटाची उंची मोजून किती खोदलं ते ठरवायचा आणि त्यावर मजुरी निघायची. खालचा मुरूम लागेपर्यंत खोदलं, भिंत झाली, काम संपलं.

२०१९च्या उन्हाळ्यात तो तलाव ठणठणीत कोरडा पडला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत पोकलेन आलं. २०१७ साली सुरू झालेल्या या योजनेत मशीनच्या डिझेलचा खर्च सरकार देई आणि गाळ वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याचा. ट्रॅक्टरांची रांग लागली होती. मी काठी टेकत बघायला गेलो. पोकलेनने एक सरळ उभा छेद घेतला होता, भिंतीसारखा. खाली पिवळट मुरूम. हा आम्ही उघडा केलेला मुरूम, हे बघताक्षणी कळलं. १९७२ साली माझी आई पाटी डोक्यावर घेऊन याच्यावरून चालली होती. आणि त्याच्यावर काळा गाळ, साधारण चार फूट. ४७ वर्षांत चार फूट, म्हणजे वर्षाला जेमतेम इंच.

आणि त्या गाळात थर होते! काही बोटभर जाड, काही नखाएवढे. एका ठिकाणी रेतीची बारीक रेघ. एखाद्या मोठ्या पुराची असावी. तीन-चार ठिकाणी वरून खाली निमुळत्या होत गेलेल्या पाचरी दिसल्या. थोडा वेळ कळेना. मग उलगडलं, तलाव आटला तेव्हा तळाला भेगा पडल्या आणि पुढच्या पावसातला गाळ त्या भेगांत भरला. म्हणजे ती दुष्काळाची सही. कागदावर आणेवारी काही लागो, तळ्याने आपली नोंद केली होती.

त्या छेदासमोर मी बराच वेळ उभा होतो. फियॉर्डबद्दल वाचलेलं सगळं समोर दिसत होतं. फरक एवढाच की तिकडे हिमनदी डोंगर दळते आणि आमच्या तलावात आला तो गाळ म्हणजे आमच्याच वावरांची काळी माती होती. पावसाने धुऊन नेलेली, बांध फुटून गेलेली. आमच्या पंचक्रोशीने ४७ वर्षांत काय गमावलं त्याचा तो हिशेब.

तीन दिवसांत सगळा गाळ उचलला गेला. त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. शेतातली माती शेतात परत गेली, तलावात पाण्याला जागा झाली. धरणं बांधताना इंजिनिअर लोक गाळ येणार हे धरूनच चालतात, तळाची काही जागा त्यासाठी सोडतात. आपण वर्तमानपत्रात ‘मृतसाठा’ वाचतो तो हाच भाग. माजलगाव असो की मांजरा, गाळ थांबत नाही. २०१६ साली मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस कोण विसरेल? गाळ काढलाच पाहिजे. पण ४७ वर्षांचा हिशेब कुणी न वाचता गेला, एवढं मात्र मनात राहिलं.

तिकडच्या हिशेबाचंही एक वेगळं संकट आहे. तो कुणी खोदून नेत नाही, पण लिहिणाराच उठून चालला आहे. हिमनदी हटत हटत समुद्र सोडून जमिनीवर गेली की तिचं पीठ आधी जमिनीवरच साचेल. ते वर उसळणारं पाणी, ते थवे, ते वरंबे तिथे थांबतील. नी-ऑलेसुंडच्या आजूबाजूच्या काही लहान हिमनद्या आजच समुद्रापासून लांब, जमिनीवर संपतात. शेवटचा वरंबा कुठे पडला ते तळाला कळेल, आणि त्याच्यावर निवांत बारीक गाळ बसत राहील.

तो गाळ किती काळ टिकेल? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी, इरईजवळ, चुनखडकाची फरशी आहे आणि तिच्यावर समांतर ओरखडे आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ साली त्यांची नोंद केली. ते ओरखडे हिमनदीचे! सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण गोलार्धात गोंडवनाचा भाग होता, तेव्हा इथे बर्फ होता. त्या फरशीवर हिमनदीने टाकलेल्या दगडगोट्यांचा थर आहे. ओडिशातल्या तालचीर गावावरून या खडकांना तालचीर म्हणतात, आणि तालचीरच्या चिखलखडकांतही हिमनगातून सुटून पडलेले गोटे सापडतात. म्हणजे उन्हाने ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या चंद्रपुरात ३० कोटी वर्षांपूर्वीचा तोच कारभार दगड होऊन पडला आहे. बर्फ कुठल्या कुठे गेला, गाळ राहिला.

हे सांगितल्यावर नात म्हणाली, “मग आपल्या तलावात आता पुन्हा गाळ येत असेल ना?” येतोय की. २०१९पासूनचा.

तेव्हा मंडळी, एक विनंती. गावाकडे असलेल्या आमच्या भाऊबंदांना आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच. या उन्हाळ्यात तुमच्या तलावातला गाळ निघणार असेल तर पोकलेनवाल्याला सांगून भिंतीपासून जरा आत, एका जागी गाळाचा एक खुंट सोडायला लावा. चार-पाच फूट लांब-रुंद पुरे, मुरमापर्यंत. त्याची उंची मोजा. थर मोजता आले तर मोजा, नाहीतर शेजारी टेप धरून फोटो काढा. तारीख लिहा, तलाव कोणत्या साली झाला ते लिहा आणि गावातल्या शाळेत देऊन ठेवा. भूगोलाचा तास घ्यायला यापेक्षा चांगलं साहित्य मिळणार नाही. खर्च काही नाही.

आणि कुणी असं केलंत तर मला जरूर कळवा. किती वर्षांत किती फूट, एवढं लिहिलंत तरी चालेल.